तळव्यावरचा धागा

रफूचा धंदा मोठा विचित्र. काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाला दिसत नाही. शिंप्याने शिवलेला सूट रस्त्याने मिरवत जातो, गवंडी येताजाता "ही भिंत मी बांधली" असं सांगू शकतो. रफूवाल्याने काय दाखवायचं? दिसली ती रफूच नव्हे. दादा त्रेचाळीस वर्षं हे न दिसणारं काम करत आले होते आणि त्याचा त्यांना भलताच गर्व होता. गिऱ्हाइकाने कपडा उलटसुलट करून "अहो, भोक नेमकं होतं कुठे?" असं विचारलं, तर ते उत्तरच द्यायचे नाहीत. नुसते चष्म्यावरून बघायचे. शोधा म्हणावं.

त्यांची जागा एका लाँड्रीच्या कोपऱ्यात, रस्त्याकडच्या खिडकीखाली. एक टेबल, एक भिंग, एक पाठ नसलेलं स्टूल आणि मागच्या खोलीत छत्तीस खणांचं धाग्यांचं कपाट. लाँड्री दुसऱ्याची, पण खिडकी दादांची. आल्यागेल्या सगळ्यांचे ते दादा होते. जगात एकच व्यक्ती त्यांना 'छोट्या' म्हणायची, ती म्हणजे थोरली बहीण आक्का. छोट्या त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि आक्का एक्याऐंशीची. दादांची बायको गेली तेव्हा आक्का आठ दिवसांसाठी म्हणून राहायला आली होती. त्याला अकरा वर्षं झाली, ते आठ दिवस काही अजून संपले नव्हते.

आता रंग कसा जुळवतात ते थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. तुम्ही म्हणाल, कपड्याच्या शिवणीच्या आतले दोरे काढावेत आणि भरावेत, त्यात काय एवढं? नव्या कपड्याला ते चालतं. जुन्या कपड्याचं बाहेरचं अंग उन्हाने उडालेलं असतं आणि आतलं तसंच कोरं राहिलेलं असतं. आतला दोरा बाहेर आणला की ठिगळासारखा ओरडतो. मग धागा बाहेरून शोधावा लागतो. आणि तो कपड्यावर ठेवून बघायचा नाही, कारण कपडा धाग्याला आपल्या रंगात ओढतो आणि डोळा फसतो. दादांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं, "कपडा डोळ्यात साठव आणि धागा तळव्यावर ठेव. कपडे बदलतील, दिवे बदलतील, तुझा तळवा काही बदलत नाही." तेव्हापासून दादांचं माप म्हणजे डावा तळवा. हा तपकिरी तळव्यापेक्षा तीन पायऱ्या गडद, हा विटकरी दीड पायरी. या पायऱ्या त्यांच्या डोक्यात होत्या, कुठे लिहिलेल्या नव्हत्या, आणि त्या त्रेचाळीस वर्षांत चुकल्या नव्हत्या.

त्या चुकायला लागल्या.

आधी एका तपकिरी पँटचा गुडघा. मग विटकरी रंगाचा मफलर. दोन्ही वेळेला रफू फिकी पडली. फार नाही, अर्धी पायरी, पण दादांना ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होती. लाँड्रीवाला बिचारा भला माणूस. त्याने मफलरची घडी अशी घातली की ती जागा आत जावी, आणि वर म्हणाला, "दादा, एवढं कोण बघतंय?"

त्याने दादांच्या थोबाडीत मारली असती तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

"मी बघतोय," ते म्हणाले आणि पुन्हा खाली बघून सुई ओवायला लागले. सुईत धागा मात्र पहिल्या फटक्यात गेला. म्हणजे डोळ्यांना झालंय तरी काय? ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने अक्षरं वाचायला लावली, ठिपक्यांतले आकडे ओळखायला लावले आणि सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला तो उत्तम काढलेला आहे, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. दादांना वाटलं, मग डोळ्यांच्या मागचं गेलं असणार. डोक्यातल्या पायऱ्याच पुसल्या असणार. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आपली तर सत्तरीही उलटली.

तसं म्हणायला बाकीचं शरीरही या समजुतीला साथ देत होतंच. घराच्या जिन्याला बावीस पायऱ्या. पूर्वी दादा त्या पिशव्या घेऊन चढायचे. आता पंधराव्या पायरीवर थांबून विजेचे मीटर वाचत उभे राहायचे, जणू सगळ्या बिऱ्हाडांची वीज मोजायची कामगिरी त्यांच्यावरच सोपवलेली होती. छातीत धडधड कमी झाली की मग उरलेल्या सात.

"काय रे छोट्या, किती आलं आज रीडिंग?" आक्का दारातून विचारायची. ती स्वतः दिवसातून दोनदा तो जिना उतरून चढायची, एकदा भाजीसाठी आणि एकदा भाजी चांगली नव्हती हे भाजीवालीला सांगण्यासाठी.

लाँड्रीत इस्त्रीच्या वाफेने सगळे घामाघूम असायचे आणि दादा कोपऱ्यात स्वेटर घालून बसलेले असायचे. जेवणानंतर टेबलावर डोकं टेकलं की तासाभराने उठायचे. आणि एवढी थंडी वाजणारा हा माणूस घरी आला की फ्रिज उघडून बर्फ खायचा. चोखायचा नाही, खायचा, कडाकडा. आक्काच्या सरबताला कधी बर्फाचा खडा मिळेना. "अंगात स्वेटर आणि तोंडात बर्फ! तुझं एकदा काय ते ठरव," ती म्हणायची. तिला वाटायचं, हा आळशी झालाय आणि लाडावलाय. दादांना वाटायचं, आपण म्हातारे झालोय. दोघांचीही समजूत चुकीची होती, पण दोघांनाही ती पटलेली होती, आणि पटलेली समजूत कोण तपासून बघतं?

मग कोट आला.

गाण्याच्या बाई म्हणून एक वयस्कर शिक्षिका दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. त्या आपल्या नवऱ्याचा कोट घेऊन आल्या. मरून लोकरीचा, तीस वर्षांचा. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता, आणि कपाटात कोटाच्या छातीवर, बरोबर खिशाच्या वर, कसरीने भोक पाडलं होतं. "मी घालणार आहे तो," बाई म्हणाल्या. "मला मोठा होतो, होऊ दे. पण तिथे भोक नको."

दादांनी त्यावर चार दिवस घालवले. कोट दारातल्या उजेडात धरून डोळ्यात साठवला. मरूनच्या सात लड्या एकेक करून तळव्यावर ठेवल्या. सगळ्या जरा जास्तच गडद वाटल्या, म्हणून सगळ्यांत फिकी घेतली. उभे दोरे, आडवे दोरे, एक सोडून एक, भिंगाखाली. टाके असे पडले की उस्ताद असते तर पाठीवर थाप दिली असती. आणि पाचव्या दिवशी सकाळी कोट उजेडात धरला, तेव्हा खिशावर बोटाच्या पेराएवढा फिका चौकोन दिसला.

उसवून पुन्हा करायला ताकद नव्हती. खरंच नव्हती, हात टेबलावरून उचलवत नव्हते. बाई आल्या, त्यांनी कोट पाहिला. त्यांना तो चौकोन दिसला हे दादांना दिसलं. बाईंनी कोटाची घडी घातली आणि दादांच्याच तोंडाकडे बघितलं.

"दादा, तुम्ही बरे आहात ना?"

"वय झालं, बाई," दादा म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी लाँड्रीवाल्याला सांगून टाकलं, की या महिन्याच्या अखेरीला खिडकी मोकळी करतो. लाँड्रीवाला गोंधळला, नको नको म्हणाला, मग म्हणाला, "तुमची मर्जी, दादा." दादांना वाटलं होतं तो भांडेल. तो भांडला नाही याचं दुःख त्यांनी जिन्यात मीटर वाचताना गिळलं.

घरी आक्काला सांगितलं, तर तिने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली.

"आणि मग दिवसभर करणार काय?" तिने विचारलं.

"बसेन."

"बसून बसून माणसं उठतच नाहीत, छोट्या," आक्का म्हणाली आणि आत निघून गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती आपला तपकिरी स्वेटर घेऊन. कोपरावर भोक होतं. "दुकान बंद करायच्या आधी माझं एवढं करून दे. अकरा वर्षांत मी तुला एक बटण लावायला सांगितलेलं नाही."

हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीला सुटी होती. खिडकी मोकळी करायची म्हणून दादांनी तपकिरी लड्यांचा खण पिशवीत घालून घरी आणलेला होताच, तो त्यांनी खिडकीपाशी ओतला. स्वेटर उजेडात पाहून घेतला आणि एक लडी तळव्यावर ठेवली. गडद. दुसरी ठेवली, तीही गडद. तिसरी त्यांना बरोबर वाटली.

"ही," ते म्हणाले.

"ही?" आक्काने ती लडी त्यांच्या हातावरून उचलली आणि आपल्या तळव्यावर ठेवून डोळ्यांसमोर धरली. "ही तर स्वेटरपेक्षा कितीतरी फिकी आहे. मला मेलीला कळतंय."

दादांनी तिच्या हाताकडे पाहिलं. लडी फिकी होती, चांगली पायरीभर फिकी.

त्यांनी ती परत आपल्या तळव्यावर घेतली. बरोबर दिसली. पुन्हा आक्काच्या तळव्यावर ठेवली. फिकी. खिडकी तीच, उजेड तोच, धागा तोच, बघणारे डोळे तेच. मग बदललं काय?

"आक्का, तुझा हात इथे ठेव."

"आता भविष्य बघणार का माझं? राहिलंय किती ते!"

"ठेव म्हणतो ना."

आक्काने हात खिडकीच्या कठड्यावर उताणा ठेवला. दादांनी आपला डावा हात त्याच्या शेजारी ठेवला. एकाच आईची दोन लेकरं, लहानपणी त्यांचे हात कुणाचे कुठले कळायचे नाहीत, अंगठ्याखालची उंची सारखी, रेषासुद्धा सारख्या. आक्काचा तळवा एक्याऐंशी वर्षांचा, भांडी घासून खरबरीत झालेला आणि गुलाबी होता. दादांचा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा पडला होता. रेषांमध्येसुद्धा रंग नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? ज्या तळव्यावर ते रोज दहा वेळा रंग पारखत होते, तो तळवाच त्यांनी कधी पारखला नव्हता. उस्तादांनी सांगितलं होतं तो बदलत नाही, आणि यांनी ते मानलं होतं. निळे, करडे, काळे कपडे अजून बरोबर जुळत होते. चुकत होते ते लालाच्या घरातले रंग. पांढऱ्या पडलेल्या तळव्यावर लाल धागा आहे त्याहून गडद दिसायचा आणि दादा मग त्याहून फिका उचलायचे. डोळे ठीक होते. डोक्यातल्या पायऱ्याही जागच्या जागी होत्या. ज्या जमिनीवरून त्या मोजायच्या, ती जमीनच खाली गेली होती.

आक्काने उठून दादांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली, आत बघितलं आणि सोडून दिली.

"कपडे बदल," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जायचं."

"आज? अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला—"

"छोट्या, कपडे बदल!" तिचा आवाज चिरकला. अकरा वर्षांत दादांनी तो तसा ऐकला नव्हता. ते निमूटपणे उठले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या होत्या आणि घाईत नव्हत्या, या दोन्ही गोष्टी आक्काला आवडल्या. त्यांनी दादांचे तळवे पाहिले, नखं पाहिली, पापणी पाहिली, जिन्याची आणि स्वेटरची चौकशी केली. बर्फाचं आक्काने न विचारता सांगितलं. त्यावर डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "बर्फ? रोज? अंगातलं लोह कमी झालं की काही जणांना बर्फाची अशी हाव सुटते."

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन निदान तेरा असायला हवं होतं, ते साडेसात होतं. लोह जवळजवळ संपलेलं.

"आता या वयात व्हायचंच," दादा म्हणाले. त्यांना खरंतर थोडं हलकं वाटत होतं. आजाराला नाव मिळालं की निम्मं ओझं उतरतं.

"वय हे कारण नाही, आजोबा, ती नुसती जन्मतारीख आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केस वयाने पांढरे होतात, रक्त नाही होत. तुम्ही नीट जेवता, आजी सांगतायत. तरी टाकी रिकामी झाली, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. ते कुठे, हे शोधल्याशिवाय मी नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन तुम्हाला घरी पाठवणार नाही. कसली औषधं घेता?"

"काही नाही."

"दुखण्यावर? डोकेदुखी, सांधेदुखी?"

दादांनी आक्काकडे पाहिलं. मग टेबलाकडे. धाग्यांच्या कपाटात पांढऱ्या धाग्याचा एक खण होता, जो कुणीच कधी उघडायचं नाही. त्या खणात, लड्यांच्या मागे, गोळ्यांची पाकिटं होती. दीड वर्षापासून सकाळी बोटं आखडायची, मूठ वळायची नाही, आणि बोट वळलं नाही तर सुई कशी धरणार? मेडिकलच्या दुकानदाराने एक गोळी दिली होती, तिने बरं वाटलं. मग रोज एक. मग सकाळी एक, दुपारी एक. बऱ्याचदा उपाशीपोटी, नुसत्या चहावर.

हे सगळं त्यांनी सांगून टाकलं.

"दीड वर्ष," आक्का म्हणाली. "दीड वर्ष माझ्यापासून लपवलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, काम सोड."

"म्हणालेच असते!"

"मग म्हणूनच."

डॉक्टरीणबाईंनी दोघांना थांबवलं. त्या गोळ्या दुखणं मारतात, पण पोटाच्या अस्तराला कुरतडतात, त्यांनी समजावलं. थेंब थेंब रक्त जात राहतं, बाहेर दिसत नाही, दुखतही नाही. शौचाला काळं होतं का, असं विचारल्यावर दादा बहिणीसमोर लाजले आणि त्यांनी मान हलवली. होत होतं. त्यांना वाटलं होतं वयाने असेल. प्रत्येक गोष्ट त्यांनी त्याच एका खुंटीला टांगली होती.

म्हणजे झालं होतं असं, की खिडकीखालचं स्टूल सुटू नये म्हणून दादांनी ज्या गोळ्या गिळल्या, त्याच गोळ्या त्यांना त्या स्टुलावरून उठवायला निघाल्या होत्या. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

"गोळ्या आजपासून बंद. आणि वरून एक, खालून एक, अशा दोन दुर्बिणी घालून बघायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक जठरात जखम असेल. पण या वयात दुसरं काही नाही ना, याची खात्री करून घ्यायची."

'दुसरं काही' म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तपासणीला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत आक्काने दादांना एकदाही टोमणा मारला नाही, आणि दादा त्यानेच जास्त घाबरले. चौथ्या दिवशी तर तिने सरबतात बर्फ घालून त्यांच्यापुढे ठेवलं. "अगं, मरत नाहीये मी!" दादा ओरडले. "तुला काय माहीत?" आक्का म्हणाली, आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. "तू पंधराव्या पायरीवर थांबायचास आणि मी हसायचे. वर्षभर हसले, छोट्या. मला कळायला नको होतं? तुझ्यानंतर मी काय करू सांग. आठ दिवसांसाठी आलेली बाई मी." दादांनी आपल्यापुढचं सरबत दोन पेल्यांत अर्धं अर्धं केलं, बर्फाचा खडा तिच्या पेल्यात टाकला आणि दोघांनी ते पिऊन टाकलं.

खालचं सगळं स्वच्छ निघालं. वर जठरात एक जखम होती, नखाएवढी. बाकी काही नव्हतं. "दुसरं काही नाही," डॉक्टरीणबाईंनी तेच शब्द मुद्दाम वापरले. "ही भरून येईल. आम्ही भोक बुजवू, रंग तुमचा तुम्हीच भरायचा."

मग आक्काचं राज्य सुरू झालं. जखमेची गोळी सकाळी उपाशीपोटी. लोहाची गोळी ठरल्या वेळी, लिंबूपाण्याबरोबर, आणि तिच्या आगेमागे तास-दीड तास चहा नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. दादांनी आयुष्यात उस्तादांच्या खालोखाल कुणाला मानलं असेल तर चहाला. पण आक्का स्वयंपाकघराच्या दारात घड्याळ घेऊन बसायची. बोटांसाठी सकाळी कोमट पाण्याची परात, वरून लावायचं मलम, आणि डॉक्टरीणबाईंनी दाखवलेले मुठीचे व्यायाम. बोटं पूर्ण काही सुटली नाहीत. पण कोमट पाण्यात बुडवली की दहा वाजेपर्यंत सुई धरण्याइतकी वळायची, आणि चार तास काम पुरे, असं दादांनी स्वतःशी मान्य केलं. एवढं मान्य करायलाही त्यांना पंधरा दिवस लागले.

महिनाअखेर आली तेव्हा ते लाँड्रीवाल्यापाशी गेले. "निळे, करडे, काळे घेईन," म्हणाले. "लालाच्या घरातलं तूर्तास काही नको."

लाँड्रीवाल्याने विचारलं नाही का ते. त्याने फक्त आतून एक पाठ असलेली, उशी घातलेली खुर्ची आणून खिडकीखाली ठेवली. ती त्याने आधीच आणून ठेवलेली होती. 'तुमची मर्जी' म्हणणारा माणूस खुर्ची घेऊन वाट बघत होता, आणि दादांनी मात्र जिन्यात उगाच दुःख गिळलं होतं.

आक्काने मधे एकदा सुचवलं, की तोवर माझा तळवा वापर, मी येऊन बसते तुझ्या शेजारी. दादांनी नाही म्हटलं. "तुझ्या तळव्यावरच्या पायऱ्या मला माहीत नाहीत," ते म्हणाले. "माझाच परत यायला हवा." रोज सकाळी दोघं खिडकीच्या कठड्यावर हात ठेवायचे आणि बघायचे. पहिला महिना हातांत काहीच फरक दिसेना. दादा नाराज व्हायचे, आक्का म्हणायची, रिकामी टाकी भरते का एका दिवसात? पण तिसऱ्या आठवड्यात बर्फाची आठवण बंद झाली. सहाव्या आठवड्यात स्वेटर खुंटीवर राहिला. एके दिवशी दादा घरात येऊन चप्पल काढायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आज मीटर वाचायचे राहून गेले. रिपोर्टातला आकडा नऊ झाला, मग अकराच्या पुढे गेला.

तिसरा महिना सरताना दादा गाण्याच्या बाईंच्या घरी गेले. तिसरा मजला, एका ठिकाणी थांबले, तेही चष्मा पुसायला.

"बाई, तो कोट मला परत हवा," ते दारातच म्हणाले. "मी चुकलो होतो, आणि ते मला ठाऊक होतं."

"मलाही होतं," बाई म्हणाल्या. "पण माझ्या वर्गात एखादीचा सूर लागेना, तर मी तिला रागवत नाही, आधी विचारते, जेवलीस का? त्या दिवशी तुम्हीच इतके फिके दिसत होतात, की कोटाचं काय घेऊन बसायचं!"

दादांनी जुनी रफू एकेक दोरा करून उसवली. कोट उजेडात धरून पुन्हा डोळ्यात साठवला. मग मागच्या खोलीत जाऊन मरूनच्या सात लड्या काढल्या आणि पहिली डाव्या तळव्यावर ठेवली. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पहिली नाही. दुसरी नाही. पाचवी ठेवली आणि पायरी पायाखाली लागावी तशी बरोबर लागली. त्यांनी चार तासांच्या वर एक मिनिट काम केलं नाही, म्हणून सहा दिवस लागले.

सातव्या दिवशी बाई आल्या. मागोमाग आक्काही आली, लिंबूपाण्याची बाटली आणि गोळी घेऊन, कारण वेळ झाली होती. बाईंनी कोट खिडकीशी धरला. खिशावरून बोट फिरवलं. उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"दादा, भोक होतं कुठे?"

दादा उत्तर देणार नव्हतेच. पण या वेळी त्यांनी स्वतः कोट हातात घेतला, भिंग काढलं आणि शोधलं. बराच वेळ शोधलं. मग भिंग खाली ठेवलं. त्यांना सापडलं नव्हतं. बाईंनी तो कोट तिथेच अंगात घातला, बाह्या हाताच्या खूप खाली आल्या होत्या, आणि छातीवर हात ठेवून त्या थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

"आक्का, तू बघ," दादा म्हणाले. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी आपलं काम कुणाला असं बोलावून दाखवलं नव्हतं. "तुझी नजर वाकडं शोधण्यात पटाईत. सापडतंय का बघ."

आक्काने कोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बाटली टेबलावर ठेवली, दादांचा डावा हात धरला, खिडकीच्या उजेडात उताणा केला आणि आपला तळवा त्याच्या शेजारी ठेवला. एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे, असं तिने अगदी निरखून पाहिलं. मागे इस्त्रीची वाफ फुसफुसत होती.

"नाही बाई," आक्का म्हणाली. "काही फरक सापडत नाही."